बाकी नेहमीचं

३ मार्च, मंगळवार

ही डायरी फुकटची आहे. औषध कंपनीचा माणूस मॅडमना देऊन गेला, मॅडमनी ती माझ्याकडे सरकवली आणि दोन महिने ती माझ्या टेबलाच्या खणात पडून होती. प्रत्येक पानाच्या तळाला कॅल्शियमच्या गोळीची जाहिरात आहे, ‘हाडं भक्कम, मन निवांत’. हाडांचं त्यांना माहीत असेल. मनाचं जरा जास्तच बोलून बसलेत.

दिवसभर मी दुसऱ्याचं बोलणं टाइप करते. सोनोग्राफी सेंटरमध्ये एकोणीस वर्षं झाली. आत अंधाऱ्या खोलीत मॅडम पेशंटच्या पोटावर यंत्र फिरवतात आणि दिसेल ते छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलतात. बाहेर मी कानाला हेडफोन लावून ते कागदावर आणते, मॅडम सही करतात, पेशंट तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरकडे जातो. दिवसाला चाळीस रिपोर्ट. मॅडम बिघाड तेवढाच बोलतात. ‘पित्ताशयात खडा, आठ मिलिमीटर. बाकी नेहमीचं.’ ‘बाकी नेहमीचं’ ऐकलं की मी एफ नऊ दाबते आणि उरलेला अख्खा परिच्छेद आपोआप येऊन बसतो, सगळं कसं ठीकठाक. ही युक्ती माझीच, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली. तेव्हा मॅडमनी मला एक चांगलं पेन दिलं होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, भावोजींच्या गुडघ्याची चौकशी झाली, मग म्हणाली, "अगं टकटक, पाळी जाऊन तीन वर्षं झाली ना मला? मग हे परत काय सुरू झालंय?"

टकटक म्हणजे मी. टायपिंगच्या क्लासला जायला लागले तेव्हापासून तिने हेच नाव लावलंय. क्लासचे पैसे तिनेच भरले होते, परकर-फ्रॉक शिवून. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती अठराची.

"किती दिवस झाले?"

"महिना असेल. थोडंसंच गं."

"महिना? आणि मला आत्ता सांगतेस?"

"गणवेशांची ऑर्डर होती."

तिच्याकडे कायम कुठल्यातरी शाळेची ऑर्डर असते. परवा सर्जनकडे जायचं ठरलं. दोन वर्षांपूर्वी पोटात दुखत होतं तेव्हा आमच्याच सेंटरला तिची सोनोग्राफी झाली होती आणि फायब्रॉइड निघाला होता, म्हणजे गर्भाशयाच्या मांसाची साधी गाठ. पाळी गेली की ती आपोआप आक्रसते. रिपोर्ट मीच टाइप केला होता, तो शोधून ठेवायला हवा. फार दमले आहे आज.

५ मार्च, गुरुवार

सर्जन तरुण आहेत, नीट समजावून सांगतात, घड्याळाकडे बघत नाहीत. त्यांनी आधी त्यांच्या मशीनवर ताईचं पोट बघितलं. गाठ नऊ सेंटिमीटर. दोन वर्षांपूर्वी साडेपाच होती.

"प्रश्न एवढाच असतो," ते म्हणाले, "की गाठ कुणाची. गर्भाशयाची, की शेजारच्या ओव्हरीची? गर्भाशयाची असली तर फायब्रॉइड, चिंता नाही. ओव्हरीची असली तर कॅन्सर असू शकतो, मग तिला फार जपून हात लावावा लागतो. आणि गंमत अशी की फायब्रॉइड कधीकधी देठावर लोंबत जाऊन नेमका ओव्हरीच्या जागी बसतो. मग दोन्ही सारख्याच दिसतात. अशा वेळी आम्ही ओव्हरी शोधतो. ती गाठीपासून वेगळी दिसली की गाठ तिची नाही."

"माझी दिसतेय का?" ताईने विचारलं.

"आता गाठ एवढी वाढलीय की डावीकडचं काही कळत नाही. पण तुमचा जुना रिपोर्ट आहे ना." त्यांनी बोट ठेवून वाचलं, "‘दोन्ही अंडाशये स्वतंत्रपणे दिसतात, आकार व रचना सामान्य.’ हे नसतं तर मला शंका आली असती. पाळी गेल्यावर फायब्रॉइड सहसा वाढत नाही. पण इतकं स्वच्छ लिहिलंय म्हटल्यावर ठीक आहे."

मग त्यांनी बेत सांगितला. पोटावर तीन छोटी भोकं, दुर्बिणीने बघत गाठ आतल्या आत बारीक करायची, तुकडे बाहेर ओढायचे, तिसऱ्या दिवशी घरी. ताई त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी त्या वाक्याकडे बघत होते. ‘स्वतंत्रपणे दिसतात’. ते वाक्य माझ्या हाताखालून रोज पंधरा-वीस वेळा जातं. ते एफ नऊचं वाक्य आहे.

"घाई आहे का हो?" ताई म्हणाली. "एकशेवीस गणवेश शिवायचेत."

"दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही."

चोवीस तारीख मिळाली. बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडले. म्हटलं, शाळेची पोरं चार दिवस जुने कपडे घालतील, तुझं पोट आधी की त्यांचे खिसे? तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला काही विचारायचं राहिलंय का त्यांना? जाऊन ये हवं तर. मी थांबते."

"मला काय विचारायचं असणार?"

"बरं," म्हणाली आणि जिना उतरायला लागली, कठड्याला धरून, एकेक पायरी.

६ मार्च, शुक्रवार

मॅडमची सगळी रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर तीन वर्षं राहतात, मग आपोआप पुसली जातात. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ताईच्या तारखेचं काढलं आणि ऐकलं. इथे जसंच्या तसं उतरवते.

‘गर्भाशय किंचित मोठं. डावीकडे साडेपाच सेंटिमीटरची घट्ट गाठ, बहुधा देठावरचा फायब्रॉइड. उजवी ओव्हरी ठीक. डावी ओव्हरी गाठीपासून वेगळी दिसली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. बाकी नेहमीचं.’

मागे ताईचा आवाजही आहे, काहीतरी विचारतेय, मॅडम ‘हो, हो, सहा’ म्हणतायत. हेडफोनमधून तिचा आवाज असा अचानक कानात आला आणि मी वळून मागे बघितलं.

तो दिवस मला लख्ख आठवतो, तेच तर वाईट आहे. आठवडाभर जीव टांगणीला लागला होता. ‘फायब्रॉइड’ शब्द कानावर पडला आणि मी रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं. पुढचं ऐकलंच नाही. शेवटी ‘बाकी नेहमीचं’ असणारच, हे मला पाठ. एफ नऊ दाबलं, कागद छापला, मॅडमच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी फोनवर बोलता बोलता सही केली. मी धावत बाहेर जाऊन ताईला मिठी मारली. म्हटलं, साधी गाठ आहे, काही नाही झालेलं तुला. ती म्हणाली होती, "मॅडम तर..." आणि मी तिला बोलू न देता कागद हातात दिला होता.

दुपारनंतर सव्वीस रिपोर्ट टाइप केले. प्रत्येक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं.

८ मार्च, रविवार

रविवारी ताईकडे बटणं लावायला जाते. बटणं आणि खिसे एवढंच ती माझ्या हाती देते, शिलाई मशीनला मी हात लावलेला तिला चालत नाही. भावोजी दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, "आल्या रिपोर्टर." हा विनोद ते एकोणीस वर्षं करतायत, तो आता घरातल्या सामानात धरायचा.

आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. वाक्यसुद्धा तयार होतं. ताई मशीनवर, मी समोर, मधे निळ्या कापडाचा ढीग. तिने मशीन थांबवलं आणि विचारलं, "काय झालंय? चेहरा असा का?"

"काही नाही. दमलेय."

"काही सांगायचं होतं का?"

"नाही गं."

तिने परत पायडल मारायला सुरुवात केली. थोड्या वेळाने बघते तर मी एका शर्टाचा खिसा उलटा लावून ठेवला होता, तोंड खाली. ती हसली नाही, रागावलीही नाही. नुसतं अर्धं ब्लेड माझ्याकडे सरकवलं. तिच्याकडे हा पहिल्यापासूनचा नियम आहे, ज्याने चुकीचं शिवलं त्यानेच उसवायचं. लहानपणी मी एकदा रडले होते यावरून. म्हणाले होते, तुला दोन मिनिटं लागतील, मला तासभर. तेव्हाही तिने ब्लेडच सरकवलं होतं.

खिसा उसवताना तिच्या मापांच्या वहीकडे लक्ष गेलं. शेवटच्या पानावर ‘मी’ असं लिहून खाली कंबर, दर पंधरा दिवसांची. चौतीस, चौतीस, साडेचौतीस, असं करत आता साडेसदतीस. पहिली तारीख दोन वर्षांपूर्वीची, सोनोग्राफीच्या दुसऱ्याच दिवसाची. या वयातही बाईला कंबरेची हौस. मी चिडवायला तोंड उघडलं आणि मिटलं.

न सांगताच आले. स्वतःची लाज वाटते आहे, आणि लाज वाटूनही काही करत नाही याची आणखी.

११ मार्च, बुधवार

तीन दिवस मी स्वतःशीच वकिली करते आहे. मुद्दा पहिला, मॅडम स्वतःच ‘बहुधा फायब्रॉइड’ म्हणाल्या आहेत, मग तो फायब्रॉइडच असणार. मुद्दा दुसरा, अशा गाठी शंभरात कितीतरी जास्त साध्याच निघतात, माझ्याच हाताखालून हजारो गेल्यात. मुद्दा तिसरा, सर्जन आत शिरल्यावर बघतीलच की.

आता दुसऱ्या बाजूचा वकील. ओव्हरीची वाईट गाठ आत बारीक केली तर तिचे कण पोटभर पसरतात. पिशवीत बंद असलेला रोग आपण स्वतःच्या हाताने मोकळा सोडतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आमच्याकडे तपासायला परत आलेल्या बायांचे रिपोर्ट टाइप करून मला माहीत आहे. आणि ताईच्या गाठीला बारीक करायचं कारण माझ्या एफ नऊशिवाय दुसरं काही नाही.

दुसरा वकील केव्हाच जिंकलाय. तरी मी गप्प आहे, कारण मला ताईच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते. नोकरीची भीती त्यानंतरची. हे एवढं तरी खरं लिहावं.

संध्याकाळी तिचा फोन होता. नव्वद गणवेश झाले म्हणे. "तुझं काय चाललंय?" असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी ‘नेहमीचंच’ म्हटलं. हल्ली फार चौकश्या करते, ऑपरेशनची धास्ती घेतलेली दिसते.

१३ मार्च, शुक्रवार

मॅडमना सांगितलं.

सकाळी आधी ते रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर उतरवून घेतलं. का ते लिहायला हवं का? मॅडमनी ते पुसून टाकलं तर, असं मनात आलं होतं. एकोणीस वर्षं ज्या बाईचं मीठ खाल्लं तिच्याबद्दल.

शेवटचा पेशंट गेल्यावर आत गेले. त्या खुर्चीत पाय लांब करून बसल्या होत्या, जेलने चिकट झालेले हात पुसत. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि रिपोर्ट पुढे ठेवला. त्यांनी दोनदा ऐकलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"ही तुझी बहीण ना? गणवेशवाली?"

"हो."

"मी वाचलं नाही सही करताना."

"मी ऐकलं नाही टाइप करताना."

खोलीत फक्त मशीनच्या स्क्रीनचा उजेड होता. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "मला सोमवारपर्यंत वेळ दे."

घरी येताना वाटलं, वेळ कशाला हवाय? वकिलाला भेटायला?

१४ मार्च, शनिवार

मॅडम अर्ध्या दिवसात निघून गेल्या. माझ्याशी कामापुरतं बोलल्या. चोवीसला दहा दिवस उरले.

१६ मार्च, सोमवार

मॅडमनी हाताने लिहिलेला कागद दिला. "टाइप कर." सर्जनना पत्र होतं. अमुक तारखेच्या अहवालात डावे अंडाशय दिसल्याचा उल्लेख चुकीचा आहे, प्रत्यक्ष तपासणीत ते दिसले नव्हते, सहा महिन्यांनी फेरतपासणीचा सल्ला अहवालात यायचा राहून गेला, तरी गाठ अंडाशयाची असण्याची शक्यता धरूनच पुढील निर्णय घ्यावा. शेवटी, ही चूक सर्वस्वी माझी आहे.

"माझंही नाव घाला," मी म्हटलं.

"रिपोर्टवर सही करणाऱ्याचंच नाव असतं."

"पण टाइप तर मी..."

"म्हणून तर पत्र घेऊन तू जायचंस. मी काल फोन करणार होते त्यांना. मग वाटलं, तुझ्या वाटचं काम हिसकावून घेऊ नये." जरा थांबून म्हणाल्या, "रेकॉर्डिंग जपून ठेवलंयस ना? ठेव. कुणी विचारलं तर लागेल."

मोबाइल माझ्या पर्समध्ये होता. मला जमिनीने गिळावं असं झालं. पत्र टाइप केलं, मॅडमनी ते मोठ्याने वाचून मगच सही केली.

१७ मार्च, मंगळवार

सर्जननी पत्र उभ्यानेच वाचलं. मग बसले, परत वाचलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला हे कधी समजलं?"

"सहा तारखेला."

"आज सतरा आहे."

त्यांनी फोन उचलून आधीचं ऑपरेशन रद्द केलं, एमआरआयची वेळ घेतली, कॅन्सरच्या सर्जनशी बोलले. तारीख तीच ठेवली, चोवीस. फक्त आता पोट उघडायचं आणि गाठ अख्खी, न फोडता काढायची. मी निघताना म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." आवाजात बरं काही नव्हतं.

तिथून थेट ताईकडे. भावोजी दुकानात गेले होते. ती गणवेशांना इस्त्री करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग, एफ नऊ, अकरा दिवस. मधे थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. ती ऐकत राहिली. इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं, प्लग काढला.

"आणि सर्जनना?"

"तिकडूनच येतेय. आता मोठं ऑपरेशन करणार. गाठ अख्खी काढणार."

तिने मोठा श्वास सोडला, खांदे खाली आले. "बरं," म्हणाली. "जेवून जा."

एवढंच. शिव्या नाहीत, रडणं नाही. मी इतकी रडले की तिनेच मला गणवेशाच्या उरलेल्या चिंधीने नाक पुसायला दिलं. धक्क्याने सुन्न झाली असावी बिचारी.

२० मार्च, शुक्रवार

एमआरआय आला. गर्भाशयातून गाठीकडे देठ नाही, रक्तवाहिन्याही जात नाहीत. गाठ डाव्या ओव्हरीचीच आहे, फक्त गर्भाशयाला चिकटून बसली आहे, त्यामुळे त्याचीच वाटते. साधी की वाईट ते बाहेर काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

माझा पहिला वकील कायमचा गप्प झाला. भावोजींनी आज ‘रिपोर्टर’ म्हटलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी साडेसातला आत नेलं. जाताना ताईने बांगड्या आणि अंगठी माझ्या हातात दिली. "उरलेली बटणं तू लाव," म्हणाली. "आणि खिसे सरळ."

हॉस्पिटलच्या त्या बाकावर भावोजी आणि मी सव्वाचार तास बसलो. समोर भिंतीला एक टीव्ही, आवाज बंद, कुणीतरी कुणाला तरी घर सजवायला शिकवत होतं. भावोजी मधेच म्हणाले, "तिने मला सगळं सांगितलंय." मी मान खाली घातली. ते म्हणाले, "मी तुझ्यावर फार रागावलोय. सध्या एवढंच." मग आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं.

पावणेबाराला सर्जन बाहेर आले. गाठ अख्खी निघाली. आवरण कुठेही फुटलं नाही. आजूबाजूला डोळ्यांना दिसण्यासारखं काही नाही. बाकी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर.

मी त्यांना विचारणार होते, तो रिपोर्ट टाइप कोण करतं.

२ एप्रिल, गुरुवार

कॅन्सर होता.

हळू वाढणाऱ्या जातीचा, हार्मोन सोडणारा, त्यानेच तिला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला होता. पण पहिल्या पायरीवरचा, आवरणाच्या आत बंद. पोट धुवून तपासायला घेतलेलं पाणी स्वच्छ, शेजारचं सगळं स्वच्छ. औषधं लागणार नाहीत, किरणंही नाहीत. काही वर्षं ठरावीक दिवसांनी तपासणी, कारण हा रोग उशिरानेही परत येतो.

"आणि तुकडे करून काढली असती तर?" भावोजींनी विचारलं.

सर्जननी कागदाची घडी घातली. "तर आज आपण दुसरंच काही बोलत असतो," म्हणाले.

सेंटरमध्ये एफ नऊ काढून टाकला. आता प्रत्येक शब्द बोलला जातो, प्रत्येक शब्द टाइप होतो, मॅडम मोठ्याने वाचून सही करतात. चाळीसचे पंचवीस पेशंट झाले. बाहेर रांगेत लोक वैतागतात, खिडकीवरची मुलगी रोज चार बोलणी खाते. सुट्टीच्या वेळात मी जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकून रिपोर्टशी ताडून बघते आहे, तीन वर्षांची. त्याच्या आधीची सोळा वर्षं पुसली गेली. आतापर्यंत दोन चुका सापडल्या, एक एका बाईच्या मूत्रपिंडाबद्दल आणि एक दुसरीच्या ओव्हरीबद्दल. दोघींना मॅडमनी स्वतः फोन केले. पाठ मोडून आलीय, पण हे दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

१९ एप्रिल, रविवार

ताई आज पहिल्यांदा मशीनपाशी बसली. पायडल मारायची परवानगी नाही, नुसती बसली. मी समोर बटणं घेऊन. मापांची वही तिथेच होती. मी ती उघडून शेवटचं पान काढलं आणि पहिली तारीख परत वाचली. सोनोग्राफीच्या दुसऱ्या दिवसाची.

मग रेकॉर्डिंगमधला तिचा आवाज आठवला. मॅडम ‘हो, हो, सहा’ म्हणाल्या, तेव्हा ती विचारत होती तरी काय?

"ताई, मॅडमनी तुला त्या दिवशी आतच सांगितलं होतं?"

"डावं दिसत नाही, सहा महिन्यांनी ये. हो." ती दोरा ओवत होती, मान वर केली नाही. "बाहेर येऊन बसले तर तू नाचत आलीस. कागदात बघितलं तर दोन्ही दिसतात. मला कागदच खरा हवा होता गं. माझ्या बहिणीने लिहिलेला. तुला विचारलं असतं तर तुझ्या कामावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. मग म्हटलं, मापाची टेप आहेच की जवळ."

"आणि सर्जननी ते वाक्य वाचलं तेव्हा?"

"तेव्हा तुझा चेहरा बघितला. तुला कळलंय हे मला कळलं."

"म्हणजे गणवेश..."

"गणवेश ऐंशी तयार होते तेव्हाच."

माझ्या हातातली सुई कापडात तशीच राहिली. मी तिला म्हटलं, अगं बाई, तू स्वतःच्या पोटात तो रोग घेऊन माझी वाट बघत बसलीस? मी बोललेच नसते तर?

"तर तेवीस तारखेला मीच सर्जनना फोन करणार होते. मरायची हौस नव्हती मला." दोरा एकदाचा ओवला गेला. "पण मी सांगितलं असतं तर तू पुढे आयुष्यभर माझ्याकडे चोरट्या नजरेने बघितलं असतंस. तुझं होतं ते, तूच उसवायला हवं होतं."

मी वहीवरून बोट फिरवलं. चौतीस, चौतीस, साडेचौतीस. दर पंधरा दिवसांनी, दार लावून, एकटीने, कुणाला न सांगता. पन्नासच्या आसपास नोंदी आहेत, मी मोजल्या.

"आणि ही दोन वर्षं?" मी विचारलं.

तिने माझ्या हातातून वही घेतली आणि मिटली.

"ती नाही उसवत," ती म्हणाली, आणि निळ्या शर्टांचा ढीग माझ्याकडे सरकवला. "तीस राहिलेत. लाव."